आता खरा दम धरा

डॉक्टर करुणा साळवे राउंडला आल्या की नव्या पेशंटला वाटायचं, बाईंचं काहीतरी खाली पडलंय. वॉर्डात शिरल्या की त्या थेट खाटेच्या पायथ्याशी उकिडव्या बसायच्या. फुफ्फुस फाटून हवा छातीत साठली की बरगड्यांमधून एक नळी घालतात, आणि तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या बाटलीत, पाण्याखाली सोडतात. छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, बाहेरची आत जात नाही. बाई त्या बाटलीकडे टक लावून बघायच्या, पेशंटला खोकायला सांगायच्या, पुन्हा बघायच्या, आणि मग कुठे मान वर करून विचारायच्या, "हं, काय म्हणताय?" आधी बाटली, मग माणूस, मग फाईल, हा त्यांचा क्रम. एखाद्या नव्या डॉक्टरने आधी फाईल उघडली की त्याला ऐकावं लागायचं, "लग्नाला आलास ना? मग पत्रिका काय वाचत बसलायस, नवरी बघ."

परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात छातीच्या वॉर्डात मी फिजिओथेरपिस्ट होते, अजून आहे. लोकांना श्वासाचे व्यायाम करायला लावणं आणि बाटली हातात देऊन व्हरांड्यात चालवणं हे माझं काम. पेशंट मला मागून मारकुटी मास्तरीण म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी गिरगावातली, फणसवाडीत वाढलेली. आमच्याकडे मुलींनी पेटी शिकायची पद्धत होती. साळवे बाई नायगावच्या चाळीतल्या, आणि पेटीच्या वयात त्या कबड्डी खेळत होत्या. आवाज असा की व्हरांड्याच्या त्या टोकाला बोलल्या तरी या टोकाचा पेशंट उठून बसायचा. एप्रनच्या कडेला चिकटपट्टीचे कापलेले तुकडे ओळीने लावलेले असायचे, कारण नळीची पट्टी सुटलेली त्यांना बघवत नसे. 'बिचारा' हा शब्द त्यांना खपायचा नाही. कुणी म्हटलंच तर म्हणायच्या, बिचारा असेल तो त्याच्या घरी, इथे तो पेशंट आहे.

दम मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. यंत्रं होतीच, पण त्याआधी पेशंटने स्वतःचं नाव आणि पूर्ण पत्ता एका श्वासात सांगायचा. नाव, चाळ, मजला, खोली, मग गावचा पत्ता, तालुका, जिल्हा. कोण कुठे अडकतो त्यावरून त्यांचा अंदाज बांधला जायचा आणि तो सहसा चुकायचा नाही. "याचा दम जिन्यातच संपला," असं म्हणत त्या पुढच्या खाटेकडे जायच्या.

'दम' या शब्दाला मात्र त्यांनी वॉर्डात कायदा लावला होता, आणि त्याला कारण होते दादरचे एक निवृत्त हेडक्लार्क. हे काका दर तासाला विचारायचे, घरी कधी सोडणार. एकदा बाई घाईत म्हणाल्या, काका, जरा दम धरा, आणि शेजारच्या पेशंटकडे वळल्या. आयुष्यभर साहेबाची आज्ञा शब्दशः पाळलेला तो माणूस. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि खरोखरच धरून ठेवला. बाई वळून बघतात तो काका गाल फुगवून, वांग्यासारखे जांभळे होऊन, डोळ्यांनी विचारतायत, आता सोडू का? काकांना काही झालं नाही, पण त्या दिवसापासून आमच्याकडे 'धीर धरा' म्हणायचं, 'दम धरा' नाही. दम हा शब्द छातीपुरता राखून ठेवला गेला.

आणि मग दत्ताराम घाडी आले.

हिंदमाताला साड्यांच्या दुकानात ते जन्मभर साड्या उलगडत आणि घड्या घालत होते, आणि संध्याकाळी लालबाग-परळच्या मैदानांवर कबड्डीचे पंच होते. तरुणपणापासून विड्या ओढून फुफ्फुसं पिंजून निघालेली, जागोजाग हवेचे फुगे धरलेले. त्यातला एक फुगा फुटला आणि एका बाजूचं फुफ्फुस बसलं. आणलं तेव्हा ओठ निळे होते. नळी घातली, बाटलीत बुडबुड्यांचा नुसता लोंढा सुरू झाला आणि माणूस बोलण्याइतका झाला. मग बाईंनी त्यांचा तो प्रश्न विचारला, नाव आणि पत्ता, एका दमात.

"दत्ताराम घाडी, लालबाग," एवढं म्हणून ते थांबले. चाळीच्या दारापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

बाई उकिडव्या बसल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पंच घाडी?"

प्रकरण असं होतं की कॉलेजात असताना नायगावच्या मैदानावर एका अंतिम सामन्यात बाईंनी शेवटची चढाई केली होती. समोरच्या दोन मुलींना शिवून त्या मध्यरेषेवर परत आल्या, त्यांच्या संघाने त्यांना खांद्यावर घ्यायला धाव घेतली, आणि पंचाने शिट्टी मारून त्यांना बाद दिलं. चढाईला गेलेल्याने 'कबड्डी कबड्डी' एका श्वासात म्हणत राहायचं असतं, त्यालाच तिथे दम म्हणतात. पंचाचं म्हणणं, रेषेच्या अलीकडे दम तुटला. सामना गेला. हा किस्सा आम्ही कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकला होता की मलाही त्या पंचाचा राग यायला लागला होता, आणि मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही. तो पंच आता आमच्या खाटेवर, छातीत नळी घेऊन बसला होता.

"दम तुटला नव्हता," बाई म्हणाल्या.

घाडींनी दोन श्वास गोळा केले. "तुटला," मग एक श्वास, "होता."

ऑक्सिजन लावलेला, घामाने भिजलेला माणूस, आणि निकाल बदलायला तयार नाही. बाई त्याच क्षणी त्यांच्यावर खूश झाल्या असाव्यात, कारण त्यांनी स्वतःच्या हाताने त्यांची पट्टी बदलली.

फुफ्फुस हळूहळू फुगलं, एक्स-रेत छातीच्या भिंतीला जाऊन टेकलेलं दिसायला लागलं, पण भोक बुजेना. रोज सकाळी बाई बाटलीशी बसायच्या आणि घाडी खोकले की बुडबुडे यायचेच. एरवी अशा वेळी ऑपरेशन करून भोक शिवतात. सर्जन येऊन तपासून गेले आणि म्हणाले, या फुफ्फुसांना भूल झेपणार नाही. शेवटी इतर डॉक्टरांचं मत पडलं की नळीला हवा सोडणारी पिशवी लावून यांना घरी पाठवावं, राहील तशी राहील. घाडींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा एकच प्रश्न होता, पिशवी लावून शिट्टी वाजवता येईल का? नाही म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दिवसभर ते जेवले नाहीत.

ती शिट्टी उशीखाली होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मी व्यायाम घ्यायला गेले तर घाडींनी ती ओठांना लावलेली. जीव खाऊन फुंकत होते. शिट्टीतून फुस्स एवढाच आवाज, आणि खाली बाटली खदखदतेय. मी ओरडले, बाई धावत आल्या. घाडी हसले, पण डोळे भरलेले होते. म्हणाले, "बघा मॅडम, माझी शिट्टी बाटलीत वाजते." बाईंनी शिट्टी काढून घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली. नळी निघाली, फुफ्फुस पक्कं चिकटलं की परत मिळेल, असं त्यांनी सांगितलं. तोपर्यंत जोराने फुंकायचं नाही. मला तेव्हा बाईंचा राग आला होता. इतकं ठाम आश्वासन द्यायला हातात होतं काय?

हातात पावडर होती. फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरं. निर्जंतुक केलेली खास पावडर द्रवात कालवून नळीतून त्या दोन आवरणांमध्ये सोडायची. दोन्ही आवरणं चिडतात, सुजतात आणि एकमेकांना चिकटतात. चिकटली की भोक बुजतं आणि फुफ्फुसाला पुन्हा बसायला जागाच उरत नाही. आम्ही हे पेशंटला सांगतो तेव्हा तो नुसती मान डोलावतो. बाईंनी घाडींना विचारलं, नव्या सुती साडीला खळ जास्त झाली तर घडी कशी होते? घाडी म्हणाले, पदर पदराला चिकटतो, उलगडताना टरटरतो. "तेच करायचंय," बाई म्हणाल्या. "आतून खळ लावायची. फक्त ही घडी पुन्हा उलगडायची नाही." घाडींना इतकं नीट समजलं की संध्याकाळी ते शेजारच्या खाटेवरच्याला समजावत होते.

दुखेल, ताप येईल, आणि जमेलच असं नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. हवा गळत असताना आवरणं एकमेकांना टेकून राहणं अवघड असतं, आणि न टेकता चिकटणार कशी? घाडींच्या घरी मात्र फक्त पावडर एवढाच शब्द पोचला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कबड्डी मंडळाची मुलं कॅरमच्या पावडरीचा अख्खा डबा घेऊन हजर. चांगल्यातली आहे मॅडम, सोंगटी एकदम सुळ्ळकन जाते, असं त्यांनी वर सांगितलं. बाई म्हणाल्या, आपल्याला चिकटवायचंय रे बाबांनो, सरकवायचं नाही.

पहिली पावडर घातली. आधी बधिर करायचं औषध सोडलं तरी घाडी कण्हले. रात्री ताप भरला, आणि सकाळी तापाचा आकडा ऐकून बाईंचा चेहरा खुलला. आतलं काम सुरू झालं म्हणाल्या. बुडबुडे कमी झाले पण थांबले नाहीत.

मग तो पेढ्यांचा दिवस उजाडला. मी वॉर्डात आले तर मंडळाची मुलं खाटेखाटेवर पेढे वाटत होती. शालनकाकू, म्हणजे घाडींच्या मंडळी, खाटेच्या कडेला बसून पदराने डोळे पुसत होत्या. "बंद झाले गो बाय, बुडबुडे बंद झाले. देवान माझा गाऱ्हाणा आयकला," असं म्हणत त्यांनी माझ्याही तोंडात पेढा कोंबला. बाटलीत खरंच एक बुडबुडा नव्हता. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

बाई आल्या आणि बाटलीशी बसल्या. हसल्या नाहीत. नळी मोकळी असेल तर तिच्यातलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली होतं. ते पाणी ढिम्म उभं होतं. बाईंनी बाटलीपासून नळीवर बोट ठेवलं आणि बोट नळीवरून नेत नेत त्या वर गेल्या, गादीपर्यंत, आणि तिथून काकूंच्या नऊवारीपर्यंत.

"काकू, जरा उठता का?"

काकू उठल्या आणि बाटली भसाभसा बुडबुडायला लागली. कुणीच हसलं नाही. बाईंनी घाडींच्या गळ्याशी बोट दाबलं तर कातडीखाली कुरमुरे चुरडल्यासारखं लागलं. अडलेली हवा तिथे शिरली होती. आणखी थोडा वेळ काकू बसून राहिल्या असत्या तर काय झालं असतं हे बाईंनी त्या दिवशी त्यांना सांगितलं नाही. मंडळाच्या मुलांना बाहेर पाठवलं, ऑक्सिजन वाढवला, श्वास सुधारेपर्यंत स्वतः तिथून हलल्या नाहीत. काकू कोपऱ्यात पेढ्यांचं खोकं धरून उभ्या होत्या. जाताना बाईंनी त्यांच्या हातातल्या खोक्यातून एक पेढा उचलून खाल्ला आणि म्हणाल्या की पेढा चांगला आहे, याच दुकानातून पुन्हा आणायचा आहे, फक्त पुढच्या वेळी मी सांगेन तेव्हा.

त्या दिवशी कँटीनमध्ये बाई माझ्यासमोर बसल्या. मस्कापाव चहात बुडवला आणि तिथेच विसरल्या. पाव फुगून चहात पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. लोक म्हणत होते, एकदा फसलं, आता पिशवी लावा आणि सोडा. बाई म्हणाल्या, कमी तर झालंय ना. अजून एकदा. ते त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे. मग घाडींकडे गेल्या आणि त्यांनाच विचारलं. पुन्हा तेच दुखणं, पुन्हा ताप, आणि पुन्हा फसण्याची शक्यता.

घाडी शांतपणे म्हणाले, "चढाई तुमची, मॅडम. मी बाद द्यायला बसलोयच."

दुसऱ्या वेळी बाईंनी मला बोलावून घेतलं. औषध आत गेल्यावर नळीचा वेढा सलाईनच्या दांडीवर उंच टांगला, म्हणजे औषध आत राहील आणि हवेची वाट मोकळी राहील. नळी चिमट्याने बंद करायची नाही, हे त्यांनी नव्या डॉक्टरांकडून तीनतीनदा वदवून घेतलं. मग घाडींना आळीपाळीने डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, पाठीवर वळवायचं. या पावडरीला वळवण्याची गरज नसते असं आता म्हणतात. बाईंना ते माहीत होतं. पण साडीला खळ सगळीकडे लागली पाहिजे, नुकसान तर नाही ना, असं त्यांचं म्हणणं. घाडींना घाम फुटला होता, दात आवळलेले. मी वळवत होते आणि बाई मोठ्यांदा सूचना देत होत्या, डावा कोपरा, उजवा कोपरा, आता मधे या. अख्खा वॉर्ड माना उंचावून बघत होता. शेवटी घाडी म्हणाले की प्रेक्षकांना जरा मागे सरकायला सांगा.

सकाळी बाई आल्या. त्या खाटेशी पोचायच्या आत शालनकाकू आपणहून उठल्या आणि दोन्ही हात वर करून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाई बसल्या. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वर येत होतं, खाली जात होतं. बुडबुडा नाही. खोका म्हटलं, घाडी खोकले. पाणी उसळलं, बुडबुडा नाही. अजून जोरात म्हटलं, नाहीच. बाईंनी नळी हाताने चाचपत छातीपर्यंत तपासली, कुठे दबली नव्हती. काकूंनी हळूच विचारलं, पेढे? धीर धरा, बाई म्हणाल्या. त्यांनी पुढच्या दिवशीही बाटली बघितली, त्याच्या पुढच्या दिवशीही, एक्स-रे काढला, आणि मगच नळी काढायला हात धुतले.

नळी ओढताना पेशंटने हवा आत घेता कामा नये, नाहीतर नळीच्या जागेच्या भोकातून ती छातीत शिरते. बाईंनी टाके सैल केले, एका हातात नळी धरली, दुसऱ्यात जाळीचा बोळा.

"पंच, आता खरा दम धरा," त्या म्हणाल्या. "आणि नुसता धरू नका. म्हणायला लागा."

घाडींनी श्वास घेतला आणि सुरू केलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज घोगरा होता, पण सलग. दम तुटायच्या आत बाईंनी झर्रकन नळी ओढली, बोळा दाबला, एप्रनच्या कडेची पट्टी ओढून चिकटवली. घाडी अजून म्हणतच होते. थांबा आता, आलात रेषेवर, असं बाईंनी सांगितल्यावर ते थांबले. मग त्यांनी न विचारताच पत्ता सांगायला घेतला. दत्ताराम घाडी, लालबाग, चाळीचं नाव, दुसरा मजला, खोली, मुक्काम पोस्ट गावाचं नाव, तालुका मालवण, आणि 'जिल्हा' म्हणता म्हणता दम संपला. सिंधुदुर्ग सगळा वॉर्ड एकसुरात म्हणाला. मी रडत होते. पेढे त्याच दुकानातले होते.

काही आठवड्यांनी घाडी तपासणीला आले. एक्स-रेत फुफ्फुस भिंतीला चिकटून बसलेलं, जसं हवं तसं. बाईंनी खिशातून शिट्टी काढली, स्पिरिटने पुसली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. वाजवून बघा म्हटलं तर घाडींनी मान हलवली. शिट्टी मैदानावर वाजवायची असते, दवाखान्यात नाही, असं म्हणून त्यांनी ती गळ्यात अडकवली.

मैदानावर ती वाजली, पण मी ती ऐकली बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी. निरोपाची भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. बाई भाषणभर अस्वस्थ होत्या. समारंभ संपताच माझा दंड धरून म्हणाल्या, चल, लालबागला जायचंय. मंडळाच्या मैदानावर मुलींचा सराव संपत आला होता. घाडी कडेला खुर्चीवर बसून पंचगिरी करत होते. धावायला त्यांना बाईंनीच मनाई केली होती. बाईंनी शाल माझ्या हातात कोंबली, चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि मुलींना म्हणाल्या, पकडा मला.

मुलींना वाटलं गंमत आहे. पण बाईंनी मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि दम सुरू केला. कबड्डी, कबड्डी, तोच व्हरांडाभर घुमणारा आवाज. त्या उजव्या कोपऱ्याकडे गेल्या, परतल्या, डावीकडे वळल्या, एका उंच पोरीच्या खांद्याला टप्पकन शिवल्या. पोरींनी त्यांचं मनगट धरलं तेव्हा मला वाटलं संपलं. मी कान देऊन ऐकत होते, दम कुठे तुटतोय. नाही तुटला. मनगट सोडवून घेत बाई पुढे झुकल्या, गुडघ्यांवर पडल्या, आणि त्यांचा हात रेषेवर आला.

घाडी खुर्चीतून उभे राहिले. शिट्टी वाजली, लांब, खणखणीत, रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशी. त्यांनी हात वर करून गुण दिला.

बाई धापा टाकत त्यांच्यासमोर गेल्या. साडीला माती, केस सुटलेले. "आता सांगा. त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुटला होता, मॅडम," घाडी म्हणाले. "आज नाही तुटला."

बाई इतक्या मोठ्यांदा हसल्या की मुलीही हसायला लागल्या. निवृत्तीनंतर त्या नाशिकला लेकीकडे गेल्या, फोनवर आवाज येतो, भेट नाही. मला आठवतात त्या तशाच, मैदानावर गुडघे झटकणाऱ्या, निकाल मान्य नसलेल्या आणि तरी खूश. त्या संध्याकाळी मुलींकडे वळून त्या म्हणाल्या, चला, अजून एकदा. आणि घाडींनी छातीभर श्वास घेऊन शिट्टी पुन्हा ओठांना लावली.